बाराशे, अडीच हजार की साडेचार हजार? खिडक्या साफ करून घेण्याचा खरा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडला अकराव्या मजल्यावर टू बीएचके. हॉलला बाल्कनीचं मोठं सरकतं दार, दोन बेडरूमच्या जाळीसकट सरकत्या खिडक्या, किचनची एक, ड्राय बाल्कनीची एक छोटी आणि दोन बाथरूमच्या लूव्हरच्या (काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या), म्हणजे सगळ्या मिळून सात. इमारत पाच वर्षांची. पाणी कधी नळाचं, कधी टँकरचं. हॉलच्या काचेवर पांढरे ठिपके बसलेत, ते काही केल्या जात नाहीत. तीन जणांकडे भाव विचारला. एक म्हणाला, सगळ्याचे मिळून १,२०० द्या. दुसरा म्हणाला, खिडकीमागे ३५०, म्हणजे सातांचे २,४५०. तिसऱ्याने बिलासकट ४,५०० सांगितले. यातला बरोबर कोण आणि फसवतोय कोण?

बहुधा कुणीच फसवत नाहीये. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव सांगितलेत आणि तिघांनीही त्याला 'खिडक्या साफ करणे' हेच नाव दिलंय. घोळ तिथे आहे.

मी हे काम अठरा वर्षं करतोय. पहिली सहा मुंबईत, ऑफिसांच्या काचेच्या इमारतींवर दोराला लटकून. नंतर पुण्यात घरगुती कामं. आता माझ्याकडे सहा पोरं आहेत. खाली जे आकडे देतोय ते माझे, यंदाचे, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे आहेत. मुंबईत यापेक्षा थोडे जास्त पडतील, नाशिक-कोल्हापूरला कमी.

काच पुसायचे पैसे फार नसतात, हे आधी डोक्यात पक्कं करा. सहा बाय चारची चांगली काच दोन्ही हातांना मोकळी मिळाली तर पाणी लावून, वायपर ओढून, कडा कोरड्या करून दोन-तीन मिनिटांत होते. एवढ्याचे कुणी तीनशे रुपये घेत असेल तर खरंच भांडा. पण घरातली काच अशी मोकळी मिळते कुठे? तिच्यापुढे जाळी, खाली ट्रॅक, बाहेर ग्रिल आणि पलीकडे अकरा मजल्यांची पोकळी. तुम्ही पैसे देता ते या चार गोष्टींचे.

ट्रॅकचंच बघा. सरकत्या खिडकीखालचा तो दोन किंवा तीन पट्ट्यांचा ॲल्युमिनियमचा खाचा. पाच वर्षांत त्यात धूळ, पावसाचं पाणी, मेलेले किडे, कबुतराची पिसं, आधीच्या रंगकामाचे शिंतोडे असं सगळं मिळून पेंड तयार होते. नवशिका माणूस आल्या आल्या त्यावर पाणी ओततो. त्या क्षणी धुळीचा चिखल होतो आणि पुढचा अर्धा तास तो चिखल कोपऱ्यातून कोपऱ्यात ढकलण्यात जातो. वर, अकराव्या मजल्यावर ओतलेलं पाणी दहाव्याच्या नुकत्याच पुसलेल्या काचेवर उतरतं आणि तिथून इंटरकॉम वाजतो. बरोबर पद्धत म्हणजे आधी सगळं कोरडं: ब्रशने मोकळं करायचं, व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, चिकटलेलं लाकडाच्या चपट्या काडीने सोडवायचं आणि मग ओल्या स्पंजने टिपायचं. तीन पट्ट्यांच्या एका ट्रॅकला पहिल्या वेळी पंधरा मिनिटं सहज जातात.

ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला बारीक भोकं असतात. पावसाचं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून ती ठेवलेली असतात. ती बुजली की पाणी आत, सोफ्यामागे उतरतं. मग लोक म्हणतात खिडकी गळते, आणि सिलिकॉनवाल्याला बोलावतात. सिलिकॉनवाला कधीकधी तीच भोकं बंद करून जातो. मी दर पावसाळ्यात असली दोन-तीन घरं बघतो. ज्याच्या दरात ही भोकं मोकळी करणं धरलेलं नाही, त्याने खिडकी साफ केलेली नाही, फक्त काच पुसलेली आहे.

जाळी हा दुसरा वेळखाऊ प्रकार. ती काचेच्या आधी करायची, कारण जाळीतली धूळ काचेवरच उडते. पल्ला, म्हणजे सरकणारी चौकट, निघत असेल तर तो बाथरूममध्ये नेऊन भिंतीला टेकवून मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी धुतात. फायबरची जाळी जोरात दाबली की झोळ येतो आणि तो परत जात नाही. ऊन खाल्लेली जुनी जाळी तर हात लावताच तुटते. म्हणून आम्ही काम सुरू करायच्या आधी जाळीवरून बोट फिरवून बघतो, आणि ती कुरकुरीत झाली असेल तर घरच्यांना तेव्हाच दाखवतो. नंतर दाखवली तर ती आम्ही फाडलेली असते!

आता बाहेरची बाजू. खरा भाव इथे ठरतो.

दोन पल्ल्यांची सरकती खिडकी असेल तर एक पल्ला सरकवून त्या फटीतून मान वळणाऱ्या दांड्याचा वायपर बाहेर काढायचा आणि शेजारच्या पल्ल्याची बाहेरची बाजू ओढायची. माणूस आतच उभा राहतो. मग पल्ले उलटे सरकवून दुसरी. हे हातखंड्याचं काम आहे. दांडा लांब झाला की दाब बसत नाही, दाब नाही बसला की पाण्याचे ओघळ राहतात. बाहेर बॉक्स ग्रिल असेल तर गजांतून हात घालून काम करावं लागतं, म्हणजे दीडपट वेळ. लोहचुंबकाचे दोन तुकडे मिळतात, एक आत आणि एक बाहेर, तेही आम्ही वापरून पाहिले. साध्या काचेवर ठीक. पण बाहेरचा तुकडा निसटला तर खाली जातो, दोरी बांधलेली असली तरी धक्का बसतोच. मी ते बंद केले.

काही लोक पल्लाच उचलून आत घेतात. तळमजल्यावर, पहिल्या मजल्यावर हे उत्तम. टेबलावर आडवा ठेवून निवांत धुवा. वर मात्र मी माझ्या पोरांना सक्त मनाई केली आहे. औंधला एकदा जूनच्या सुरुवातीला, पावसाआधीचा वारा सुटलेला असताना, आम्ही पाचव्या मजल्यावर पल्ला उचलला आणि वाऱ्याने तो शिडासारखा धरला. दोघांनी ओढून आत घेतला म्हणून वाचलो. खाली मुलांच्या सायकली लावलेल्या होत्या. त्या दिवसापासून पहिल्या मजल्याच्या वर पल्ला निघत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो.

आणि न उघडणारी काच? खिडकीच्या शेजारी शोभेसाठी बसवलेला बंद पट्टा, जिन्याची उंच काच, हॉलच्या कोपऱ्यातली वळणाची काच. तिथे आतून हात पोहोचत नसेल तर दोरच लागतो. दोराचं काम घरापुरतं परवडत नाही. दोघं दोरावर, एक जण गच्चीवर, शिवाय सामान, एवढ्याचा दिवस मी ८,००० च्या खाली लावत नाही. मग तो माणूस तुमची एक काच करून उतरो की आठ तास लटको. म्हणून अशा काचांसाठी सोसायटीने मिळून काम काढायचं. एका रांगेतले बारा फ्लॅट एकत्र आले तर प्रत्येकी सातशेच्या आत येतं. एकट्याने बोलावलं तर ते आठ हजार तुमचे.

दोराचं काम काढलंच तर गच्चीवर जाऊन एवढं बघा: प्रत्येक माणसाला दोर दोन असले पाहिजेत, एक कामाचा आणि एक जीव वाचवायचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. अंगात पूर्ण शरीराचा पट्टा, त्यावर आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का. कठड्यावर दोर घासतो तिथे गादी किंवा जाड कापड. रंगारी वापरतात तसली एका दोरावरची फळी घेऊन कोणी आला तर परत पाठवा. मी स्वतः पहिले आठ महिने तसल्या फळीवर काढलेत, तेव्हा कळत नव्हतं.

याच कारणासाठी १,२०० वाल्याला एक प्रश्न विचारा: बाहेरची बाजू कशी करणार? 'एसीच्या छज्जावर उतरून करतो साहेब' असं उत्तर आलं तर तिथेच थांबवा. तो छज्जा एसीचं वजन पेलायला केलेला असतो, ओल्या चपलेने उभ्या राहणाऱ्या माणसासाठी नाही. तो म्हणेल, रोज करतो, काही होत नाही. खरं आहे, रोज काही होत नाही.

हेच घरातल्या मावशींबद्दल. आतली बाजू, जाळी, ट्रॅक हे काम मावशींनी वेगळे पाचशे-सहाशे घेऊन केलं तर त्याच्यासारखं स्वस्त आणि मस्त काही नाही. माझा धंदा बुडतो, पण खरं ते खरं. फक्त त्यांना खिडकीच्या पट्टीवर चढायला सांगू नका आणि त्या स्वतःहून चढल्या तर उतरवा. चार रुपयांची काच पुसायला कुणाला पाय घसरायला लावायचा नाही.

आता ते पांढरे ठिपके. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महागडा भाग हाच आहे आणि तो तुम्ही जाता जाता लिहिलाय.

पिंपरी-चिंचवडला २०१९पासून एक दिवसाआड पाणी येतं. धरणाचं पाणी काचेसाठी चांगलं असतं. पण कमी पडतं तेव्हा टँकर येतो किंवा बोअर सुरू होतो, आणि आपल्याकडच्या काळ्या खडकातून आलेलं ते पाणी जड असतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. थेंब उन्हात सुकतो, पाणी उडून जातं, क्षार काचेवर राहतात. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालताना उडालेले शिंतोडे, वरच्या मजल्यावरून बाल्कनी धुतलेलं पाणी, असं रोज थोडं थोडं. माझ्या खिशात पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजायचं यंत्र असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं म्हटलंय, दुसरी सोयच नसेल तर २,०००पर्यंत. म्हणजे प्यायला चालणारं पाणीही काचेवर डाग पाडू शकतं. हे बऱ्याच जणांना पटत नाही.

यात एक गंमत सांगतो. घरोघरी आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून फरशी आणि खिडक्या धुतात. फरशीला ठीक आहे. पण ते टाकाऊ पाणी म्हणजे आरओने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार. काचेसाठी घरात याहून वाईट पाणी सापडायचं नाही. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात ते साठवा आणि काचेवरून शेवटचा हात त्यानेच फिरवा. माझी पोरं गिऱ्हाइकाच्या एसीखाली बादली लावतात तेव्हा लोक हसतात. इंग्लंडमध्ये खिडक्या धुणारे लोक हेच काम यंत्राने करतात. पाणी गाळून शून्य टीडीएसला आणतात आणि लांब पोकळ काठीच्या ब्रशमधून फवारून तसंच सुकायला सोडून देतात, पुसतही नाहीत. माझा भाचा तिकडे असतो, तो मला विचारतो, मामा, तू ते का आणत नाहीस? अरे बाबा, तिकडे दोन मजली घर असतं, खाली अंगणात उभं राहून काठी लागते. वाकडच्या अकराव्या मजल्याला लागणारी काठी अजून यायची आहे.

ठिपक्यांचा खर्च ते किती जुने आहेत यावर ठरतो. काही महिन्यांचे असतील तर व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत लावून दहा मिनिटं ओलं ठेवलं की सुटतात. कापड भिजवून काचेवर चिकटवून ठेवायचं, नाहीतर ओघळून जातं. हे तुम्ही घरी करू शकता, खर्च पन्नास रुपये. वर्ष-दोन वर्षांचे असतील तर तीव्र औषध, पांढरा पॅड आणि हाताचा जोर लागतो. याचे मी काचेच्या दर चौरस फुटाला २० ते ४० रुपये घेतो. आणि पाच-सात वर्षांचे असतील तर कधीकधी क्षार निघतात, पण खाली काचच खाल्लेली असते. नखाने तपासता येतं. ठिपक्यावरून नख फिरवा. खरखरीत लागलं तर वर थर आहे, तो निघेल. नख सरळ सरकलं आणि ठिपका तरी दिसतोय, तर तो काचेच्या आत गेलाय. तो फक्त सेरियम ऑक्साइडच्या पावडरीने मशीनवर घासून कमी होतो. त्यात इतका वेळ जातो की साध्या ५ मिलिमीटरच्या काचेचा पल्ला नवीन बसवलेला बरा. असं असेल तर मी काम घेत नाही, काचवाल्याचा नंबर देतो.

औषधाबद्दल सावध रहा. डाग काढायचा सोपा मार्ग म्हणून काही लोक संडास धुवायचं ॲसिड वापरतात. काचेला त्याचं फारसं काही होत नाही, पण ॲल्युमिनियमचा रंग उडतो आणि खिडकीखाली संगमरवराची पट्टी असेल तर तिथे फेस येऊन ती कायमची खरबरीत होते. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. कोथरूडच्या एका घरात माझ्याच हातून हे झालंय. पट्टी बदलून द्यायला सहा हजार गेले, आणि त्या कामाचे मला मिळणार होते अकराशे. त्याहून वाईट म्हणजे बिननावाच्या बाटलीतली औषधं, ज्यांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. डाग झटक्यात जातो, कारण डागाबरोबर काचेचाही थर जातो. दोन महिन्यांनी काच दुधाळ दिसते. कातडीला लागलं तर आत हाडापर्यंत जातं. औषधाची बाटली बघायला मागा, नाव नसेल तर नको म्हणा.

ब्लेडचंही तसंच. सिमेंट किंवा रंगाचा शिंतोडा ब्लेडने निघतो, पण काच ओली हवी आणि ब्लेड एकाच दिशेने, पुढे ढकलायचं. मागे ओढलं की खाली अडकलेला कण रेघ मारतो. काचेच्या कोपऱ्यात टफन्डचा, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेचा, शिक्का असेल तर आणखी जपून, कारण भट्टीतून येताना चिकटलेले बारीक कण अशा काचेवर असू शकतात आणि ब्लेड ते ओढत नेतं. आतून सनफिल्म लावलेली असेल तर ब्लेड अजिबात नाही आणि अमोनियावाला निळा स्प्रेही नाही. हे आम्हाला आधी सांगा. फिल्म नीट बसलेली असली की लवकर ओळखू येत नाही.

तर आता तुमचा हिशोब माझ्या दराने मांडतो. हॉलचं आठ बाय सातचं सरकतं दार, ट्रॅक-जाळीसकट, ५५०. बेडरूमच्या दोन खिडक्या प्रत्येकी २८०, म्हणजे ५६०. किचनची २२०, तिथे तेलाचा थर असतो म्हणून आकाराने लहान असून फार कमी होत नाही. बाथरूमच्या दोन लूव्हर १०० प्रमाणे २००. ड्राय बाल्कनीची १५०. बेरीज १,६८०.

वर हॉलच्या दाराचे ठिपके. आठ बाय सात म्हणजे ५६ चौरस फूट, मधला ३० रुपयांचा दर धरला तर १,६८०. योगायोगाने तेवढेच. म्हणजे सगळ्या घराच्या खिडक्यांना जेवढे पैसे, तेवढेच एका दाराच्या डागांना. एकूण ३,३६०. मी किमान फेरीचे १,२०० घेतो, म्हणजे एकच खिडकी असली तरी तेवढे. तुमचं काम त्याच्या वरचं आहे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

यातलं माझ्या खिशात काय जातं? नुसत्या साफसफाईचे १,६८० धरा. दोन पोरं अर्धा दिवस, रोज ९०० प्रमाणे दोघांचे ९००. पेट्रोल १५०. साबण, पॅड, वायपरचं रबर, कापडं धुणं असं २००. उरतात ४३०. त्यात पोरांचा अपघाती विमा, फोन, आणि पावसाळ्यात हात बांधून बसायचे दिवस. रबर हे लोकांना फालतू वाटतं, पण बोथट रबराने ओढलेली काच संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेघा दाखवतेच. आम्ही ते दर दोन-तीन घरांनंतर उलटतो, मग बदलतो.

या हिशोबात तुमचे तीन भाव ठेवून बघा. १,२०० वाला आतून काच पुसेल, बाहेर हात जाईल तिथवर फडकं मारेल. ट्रॅक आणि डाग त्यात बसत नाहीत, बसूच शकत नाहीत. तेवढंच हवं असेल तर वाईट सौदा नाही. ३५० वाल्याचा भाव मला आवडत नाही. बाथरूमच्या दीड फुटी लूव्हरला ३५० आणि आठ फुटी दारालाही ३५०, म्हणजे तो एकीकडे कमावणार आणि दुसरीकडे घाई करणार. घाई कुठे होईल ते तुम्हीच सांगा. खिडकी मोजून भाव देणाऱ्याला नेहमी विचारा, 'खिडकी' म्हणजे किती पल्ले? मी अशी माणसं बघितलीत जी काम झाल्यावर पल्ले मोजतात आणि साताच्या सोळा खिडक्या होतात.

४,५०० वाला महाग वाटतो, पण तो बिल देतोय. वर्षाला २० लाखांच्या वर सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी करावीच लागते आणि या कामाला १८ टक्के लागतात. ४,५०० मधून कर काढला तर मूळ भाव येतो साधारण ३,८१४. माझ्या ३,३६० पेक्षा साडेचारशेने जास्त. त्यात डाग धरलेले असतील तर भाव रास्त आहे. धरलेले नसतील तर मात्र तो तुम्हाला महागात पाडतोय.

घासाघीस करायची तर दरावर करू नका, वेळेवर करा. दिवाळीच्या आधीचे दहा दिवस आमच्याकडे लग्नघर असतं. त्या दिवसांत मी दीडपट घेतो आणि तरी नाही म्हणावं लागतं, शिवाय घाईत नवीन पोरं कामाला लावावी लागतात. तेच काम दसऱ्याच्या आधी ठरवलं किंवा तुळशीच्या लग्नानंतर काढलं तर नेहमीच्या दरात जुनी माणसं मिळतात. सोसायटीतली चार घरं एका दिवशी घेतली तर मी दर घरामागे पंधरा टक्के सोडतो, कारण माझं पेट्रोल आणि वॉचमनच्या वहीत नोंद करायचा वेळ वाचतो.

आणि वर्षातून एकदाच करायचं असेल तर दिवाळीला नको, मेच्या शेवटी करा. हे ऐकून प्रत्येक घरात भुवया उंचावतात. पावसात परत घाण होणारच ना? काच होईल, ती मावशी पुसतील. पण उन्हाळ्याची धूळ ट्रॅकमध्ये असताना पहिला पाऊस पडला की तिची पेंड होते, भोकं बुजतात आणि चार महिने पाणी आत येतं. मेमध्ये ट्रॅक कोरडा असतो, व्हॅक्यूमने पाच मिनिटांत निघतो. तेच ऑक्टोबरमध्ये खरवडावं लागतं. पहिल्यांदा नीट केलेलं घर दुसऱ्या वर्षी आम्हाला जवळजवळ अर्ध्या वेळात होतं आणि तेव्हा भाव कमी करून मागायचा तुम्हाला हक्क आहे. बहुतेक लोक मागत नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर आज हे केलं असतं: तिघांनाही व्हॉट्सॲपवर चार फोटो पाठवले असते. एक उघड्या ट्रॅकचा जवळून, एक जाळीचा, एक खिडकीतून मान बाहेर न काढता हात लांब करून घेतलेला बाहेरचा, आणि एक ठिपक्यांचा, मागे काळं कापड धरून, नाहीतर ते फोटोत दिसत नाहीत. खाली लिहिलं असतं: ट्रॅक, जाळी, बाहेरची बाजू आणि डाग धरून किती, आणि डाग सोडून किती? ज्याचे दोन आकडे वेगळे येतील त्याने फोटो बघितलेत.

मग ४,५०० वाल्याला बोलावून हॉलच्या दाराचा एक कोपरा, वीतभर, करून दाखवायला सांगा, पैसे ठरायच्या आधी. ओलं असताना नाही, पूर्ण सुकल्यावर बघा, ओल्या काचेवर कुठलाच डाग दिसत नाही. कोपरा स्वच्छ निघाला तर काम द्या. नाही निघाला तर डाग सोडून बाकीच्याचा आकडा घ्या आणि त्या दाराचे पल्ले काचवाल्याला दाखवा.